रंगाऱ्याचा समुद्र

सांगायच्या गोष्टी एवढ्या हाये की कुठून धरू तेच समजून नाई राह्यलं, म्हणून मधूनच धरतो. मी वाशीमले फोटोच्या दुकानात काम करतो. वय सव्वीस. या अंकाच्या संपादकाइचा निरोप आला की धंद्यातलं काई लिहून द्या, पण ‘माझा जन्म अमुक गावी’ इथून नका सुरू करू. बरंच झालं. जन्म बाजूले ठेवू. एवढंच सांगतो की आमची वाडी गावाबाहेर हाये, वांगे-मेथी लावतो, अन् माहा बाप अजून विचारते, “वांग्याले पाणी देलं तं वांगं येते. तू काचेले पाणी देऊन राह्यला, काय येते?” मी म्हणतो, “बावा, मानूस येते.”

अन् खरंच येते! ज्याइले माहीत नसन त्याइच्यासाठी सांगतो. काचेची पाटी असते, एका अंगानं मसाला लावलेली, मुंबईहून काळ्या कागदात बांधून येते. तिले आमी प्लेट म्हणतो. ती कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढायचं, उजेड लागू द्यायचा, झाकण लावायचं. बाहेर काढून पाह्यली तं कोरीच्या कोरी. मंग अंधाऱ्या खोलीत औषधाच्या ताटलीत ती हलवत बसायचं, की हळूहळू त्यात मानूस वर येते. पण उलटा. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्यावरून कागदावर छापलं की सुलटा होते. आठ वर्षं झाली, मी हजारदा पाह्यलं, तरी मानूस वर येऊ लागला की मी अजून ओरडतोच, “आबाजी, आला, आला!” आबाजी मंजे आमचे मालक. ते म्हणते, “येनारच ना बे, कुठी जाईन?”

गिऱ्हाईकं तं काय सांगू. धनजचा एक बुवा बैल घेऊन आला, दोन पायऱ्या चढवून बैल आत आणला, अन् म्हणे, याच्या शिंगाइच्या मधात पडद्यावरचा ताजमहाल दिसला पाह्यजे. बैलानं ताजमहालाले शिंग मारलं. अजून तिथी ठिगळ हाये. पोहरादेवीच्या यात्रेत एका बाईनं एवढी चांदी घातली होती की उन्हात सारी चमकली अन् फोटोत चेहराच नाई आला, नुसती चांदी आली. आमी भीत भीत फोटो देला. ती खूश! म्हणे, “चेहरा तं घरी हायेच.”

पण मले सांगायची ती गोठ समुद्राची हाये. वाशीमच्या मानसाचा अन् समुद्राचा काय संबंध, असं तुमी म्हणसान. मीबी म्हणत होतो.

दुकानाच्या मागं आमची अंधारी खोली. तिले एक लहान खिडकी, अन् खिडकीवर लाल खारव्याचा, मंजे जाड सुती कापडाचा, दुहेरी पडदा. लाल काहून, तं लाल उजेडानं प्लेट खराब होत नाई. पांढऱ्या उजेडाचा एक कवडसा पडला की प्लेट काळी ठिक्कर पडते, पण लाल उजेडात कितीबी वेळ धरा, काई होत नाई. मानसाले दिसते, प्लेटीले बाधत नाई. म्हणून पडदा पक्का लाल लागते. बाजारातला लाल आणला तं चार महिन्यांत उन्हानं विटते, अन् विटला की गेली सारी मेहनत.

आमचा पडदा इस्माईलचाचाकडचा. चाचा रंगारी. गावाच्या टोकाले त्याइचं घर, अंगणात हौद, दोऱ्यांवर ओले कपडे. कॅमेऱ्यावर डोक्यावरून घ्यायचं काळं फडकं चाचा रंगवत, अन् हा लाल पडदा चाचीनं रंगवलेला. चाचा सोता सांगत, “काळा कोनीबी करते बेटा. लाल फक्त हिच्या हाताले येते.” चाचीचा चेहरा मी कधी पाह्यला नाई. त्या आड राहत. दोरीवरच्या लुगड्यामागून आवाज येत होता, अन् कपडा पिळतानी कोपरापर्यंत लाल झालेले दोन हात दिसत होते. पडदा घेऊन आलो त्या दिवशी त्याइनं मागूनच विचारलं होतं, “विटला तं सांगशीन रे. नाई विटनार, पण सांगशीन.”

आबाजीनं त्या पडद्याखाली एक कोरी प्लेट ठेवली, निवांत पान लावून खाल्लं, मंग प्लेट धुतली. काचेसारखी साफ! आबाजी सहसा कोनाची तारीफ करत नाई. त्या दिवशी म्हणाले, “बाई हुशार हाये.”

दोघं हजले जाणार होते तवा मी धावतच गेलो. म्हटलं, “चाचा, जायच्या आधी दोघांचा एक फोटो काढू! मी इथीच कॅमेरा आणतो.”

चाचा हसले. “नाई बेटा. आमी ज्या खोलीत नमाज पडतो तिथी जानदाराचं चित्र नाई ठेवत. मानूस नाई, चिमनी नाई. अन् खोली तं आमची एकच हाये.”

लुगड्यामागून चाची म्हणाल्या, “अन् हा पोट्टा सांगन मान वाकडी करा, श्वास धरा. मले नाई जमत ते.”

गेले. महिने गेले. परत आले ते चाचा एकटेच.

दोन-अडीच महिन्यांनी चाचा दुकानात आले, काळं फडकं पुन्हा रंगवून घेऊन. फडकं टेबलावर ठेवलं, नीट घडी केली, पुन्हा उकलली, पुन्हा घडी केली. मंग म्हणाले, “गणपत, समुद्राचा फोटो निघते का?”

मी बोलायच्या आत आबाजी उठले. “निघायचा कायले, हाये ना आपल्याकडे!” अन् त्याइनं भिंतीवरचा गुंडाळलेला पडदा सोडला. निळा समुद्र, दोन नारळ, एक जहाज, अन् बुडता सूर्य. आमच्या इथले नवरा-नवरी त्याच्यासमोर उभे राहते. “याचा काढून देतो. कोनाच्या बापाले समजनार नाई.”

चाचानं पडदा जवळून पाह्यला. “आबाजी, हा निळा तं मीच देला होता तुमच्या पेंटरले. यात हिले कुठी पाहू?”

मंग आबाजी बसले. चाचा उभ्यानंच बोलले, जास्त नाई बोलले. परत येतानी जहाजावर चाचीले ताप आला. दोन दिवस. जहाजावरच्या लोकाइनं गुसल मंजे शेवटची आंघोळ, कफन, नमाज, सारं रीतीनं केलं. अन् मगरिबच्या टायमाले, मंजे सूर्य बुडायच्या वेळी, पान्यात सोडलं. “शबेबरातच्या राती सारे कबरस्तानात जाते. फूल टाकते, उदबत्ती लावते. मी मानसाइच्या संगं जातो अन् दरवाज्यात उभा राहतो. माह्यासाठी तिथी काई नाई. म्हणून म्हटलं, भिंतीवर समुद्र लावावा. मगरिबच्या वेळचा. पन त्यात जीव नको बेटा. मानूस नको, पक्षी नको. नाईतं त्या खोलीत लावता नाई येनार.”

मी म्हटलं, “मी आणतो!”

आबाजी म्हणाले, “समुद्र पाह्यला का बे कधी?”

“नाई.”

“मंग काय आनतं?”

पण मुंबईले दरवर्षी माल आणायले कोनीतरी जातच होतं, अन् या वर्षी आबाजीचे गुडघे धरले होते, तं मीच जाणार होतो. आबाजीनं चार दिवस जास्तीचे देले, एकेकात दोन प्लेटा बसते असे तीन जोड-खाचे देले, मंजे सहा प्लेटा, अन् बजावलं की सहाच्या वर एक नाई. मी मनात ठरवून टाकलं की वाशीममधी आजवर कोनी पाह्यला नसन असा सूर्यास्त आणीन. लालभडक! चाचानं लाल म्हटलं नव्हतं. पण रंगाऱ्याले समुद्र द्यायचा तं लालच द्यायचा, असं माहं मीच ठरवलं.

जऊळक्यावरून अकोला, अकोल्याहून मोठी गाडी, मुंबईले माल घेतला, मंग बोटीनं पलीकडच्या किनाऱ्यावर अन् तिथून बैलगाडी. गावाचं नाव नाई सांगत. त्याइचा काई दोष नाई, जे झालं ते माह्यामुळं झालं. भादवा संपत आला होता. कोळ्याइच्या एका घरी ओसरीवर जागा भेटली.

समुद्र पाह्यला अन् पह्यले काय वाटलं सांगू? वाटलं, याले कुठून धरू? आमच्याकडे फोटो काढायचा तं मानूस असते, खुर्ची असते. कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर चित्र पाहून भिंग मागंपुढं करायचं, चित्र साफ झालं की थांबायचं. त्याले फोकस म्हणते. पण पाणी हलते, आभाळ हलते, उभी रेघ कुठीच नाई. नजर कशावर टेकवू?

पह्यल्या दिवशी सारं आभाळ भरलेलं. सूर्य नावाले नाई. नुसतं करडं, वर करडं, खाली करडं. बैलगाडीत कॅमेरा लय आदळला होता, म्हणून वाटलं एक प्लेट वाया घालून पाहू, झाकण-खाचा नीट सरकते का. अन् फोकससाठी मानूस पाह्यजे. एक कोळीण टोपली घेऊन किनाऱ्यानं चालली होती, काळपट लुगडं, मोकळी चाल. मी धावलो. “मावशी, जरा त्या पाण्यापाशी उभ्या राह्यता का?”

तिनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. “कंच्या गावचा रं तू?”

“वाशीम.”

“ह्ये कुठं आलं?”

“लय दूर. तिथी समुद्र नाई.”

“मंग पानी कुठनं पितात?” म्हणाली अन् सोताच हसली. “अन् फोटू कुनाचा काढतंस?”

“समुद्राचा.”

“त्याचा कशाला? तो काय पलून जातंय?” पण उभी राह्यली. लाट येऊन मागं सरली होती, ओल्या रेतीवर बोटभर पाणी, आरशासारखं. मी काळ्या फडक्यात शिरलो. आता हे ज्याइनं कधी पाह्यलं नाई त्याइले सांगतो, त्या काचेवर सारं उलटं दिसते, डोकं खाली, पाय वर. तं बाई उलटी लटकलेली, अन् पाण्यातली तिची सावली मात्र सुलटी उभी! मले लय मजा आली. मी फडक्यातूनच ओरडलो, “मावशी, तुमी उलट्या हाये, तुमची सावली सुलटी हाये!” ती म्हणाली, “येडा हाय का तू?”

फोकस झाला. खरं तं आता तिले बाजूले करायची होती. पण उजेड कमी होत चालला होता, ती नीट उभी होती, अन् ही प्लेट वायाच घालायची होती. झाकण काढलं, एक म्हटलं, झाकण लावलं.

“काडलास?”

“काढला.”

“मला धाडशील?”

“धाडीन की!”

“आभाल आसंच ऱ्हाईल,” जातानी म्हणाली. “उद्या पानी. परवाचं परवा. लाल पायजे आसंल तर बस वाट बघत.”

दुसऱ्या दिवशी पाणी. असं पाणी की ओसरीवर बसून मी कॅमेऱ्यावर घोंगडं, घोंगड्यावर मेणकापड, मेणकापडावर सोता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऊन, अन् ऐन वेळेले ढग. मी तिपाई मांडून बसलो. ढगाच्या खालून सूर्य एकदम निघाला, पिवळा. मी म्हटलं, थांब गणपत, लाल होऊ दे. लाल झाला तोवर अर्धा ढगात. दोन प्लेटा उडवल्या.

चवथा दिवस शेवटचा. दुपारी पाऊस, चारले उघडलं, पाचले पुन्हा झाकलं, अन् मंग जे उघडलं! मी लिहूच नाई शकत. सारं आभाळ पेटलं. पाणी पेटलं. रेती, माहे हात, कॅमेऱ्याचं पितळ, सारं लाल. आमच्या अंधाऱ्या खोलीत दिसते तस्संच लाल, अन् हे मी तवा मनाशी म्हटलं, सोताच्या तोंडानं म्हटलं, अन् तरी माह्या डोक्यात काई पेटलं नाई. पुढं समजन काहून सांगून राह्यलो ते.

तिथी अजून एक भानगड. जीव नको ना! बगळे उडून राह्यले, ते जाऊ द्यावं. लांब एक होडी, तिच्यात मानसं, ती जाऊ द्यावी. मंग पाहतो तं रेतीवर खेकडे. बोटाएवढे खेकडे, शंभर! जीव तं तोही जीव. मी फडकं घेऊन खेकडे हाकलायले धावलो. इकडून हाकलले की तिकडून निघते. गावातले चार लोकं जमा होऊन पाहून राह्यले की हा मानूस खेकड्याइले ‘हो बाजूले, हो बाजूले’ म्हणून राह्यला. सारे गेले तवा तीन प्लेटा काढल्या. शेवटची तं अगदी बुडतानी, जवा सूर्य जास्वंदाच्या कळीसारखा लाल झाला होता. ती प्लेट मी वेगळी बांधली. तिच्यावर मी लिहिलं, चाचा.

वाशीमले उतरलो अन् घरी नाई गेलो, दुकानात गेलो. भर दुपार होती. आबाजीले म्हटलं, चला, चला. अंधाऱ्या खोलीत शिरलो, लाल पडद्यातून लाल उजेड, औषध तयार. ‘चाचा’ लिहिलेली प्लेट पह्यले टाकली. हलवतो, हलवतो. काई नाई येत. आबाजी म्हणाले, “औषध थंड असन, हलव.” हलवतो. एक ठिपका आला, सूर्याच्या जागी, मिरीएवढा. बाकी काच साफ. दुसरी प्लेट. साफ. तिसरी, चवथी, पाचवी. कुठी एखादी रेघ, कुठी एखादा डाग.

मी म्हटलं, “मुंबईवाल्यानं खराब माल देला!”

आबाजीनं काच लाल उजेडाले धरली. त्याइनं विचारलं, “लाल होता का लय?”

“लाल? आबाजी, असा लाल तुमी उभ्या जन्मात—”

त्याइनं खिडकीवरच्या पडद्याचा कोपरा दोन बोटांत धरला अन् हलवला. “हा कोनाचा?”

“चाचीचा.”

“कायले लावला?”

“लाल उजेडानं प्लेटीले काई—” अन् मी थांबलो.

मानसाले जे लाल दिसते, ते प्लेटीले अंधार असते. आठ वर्षं मी त्या पडद्याखाली बसून राह्यलो. प्लेट लालले आंधळी असते म्हणूनच तं माहा धंदा चालते. अन् मी चारशे मैल जाऊन, चार दिवस थांबून, खेकडे हाकलून, नेमका तोच उजेड निवडला जो प्लेटीले दिसतच नाई. जेवढी वाट पाह्यली तेवढी प्लेट कोरी. तिसऱ्या दिवशी तो पिवळा होता तवाच उडवली असती तं काईतरी भेटलं असतं. लाल दिसणाऱ्या प्लेटा आता मुंबईले भेटते, त्या पुऱ्या काळोखात धुवा लागते. मी जिथी माल घेतला तिथी मागच्या फळीवर असतीनबी. मी विचारलंच नाई.

आबाजी लय हसले. मंग हसणं थांबवलं, कारण चाचा आठवले असतीन. म्हणाले, “सहावी?”

“ती ट्रायलची हाये. तिच्यात काई नाई.”

“टाक.”

टाकली. अन् अर्ध्या मिनिटात समुद्र वर आला. पुरा. आभाळाचे ढग एकावर एक, पाण्याची दूरची रेघ, ओली रेती, अन् मधात टोपली घेतलेली कोळीण. त्या दिवशी मी ‘आला, आला’ नाई ओरडलो.

दुसरी प्लेट नव्हती, दुसरी फेरी नव्हती. चाचा दोनदा दुकानावरून गेले, आत नाई आले, विचारलं नाई. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की बाई पुसायची.

हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम हाये. देवीचे वण पुसतो, सुरकुत्या पुसतो, एकदा तं एका जावयाले लग्नाच्या फोटोतून पुसला होता, सासऱ्याच्या सांगण्यावरून. प्लेटीवर काळं लुगडं मंजे मोकळी काच. त्या मोकळ्या जागेवर पातळ लाल रंगाचे हात देत जायचे. छापायचा कागदबी लालले आंधळाच, तं लाल लावलं तिथून उजेड जात नाई अन् ती जागा पांढरी होत जाते. एक हात, वाळू द्या, दुसरा हात. रंग मंजे चाचाच्याच घरची पुडी, चाचीनं कधी देलेली. टोपली गेली, डोकं गेलं, खांदे गेले, पाय गेले. दोन दिवस मी डोळ्याले काच लावून बसलो. पुसून झालं तवा मले सोताले सांगता नसतं आलं, बाई कुठी उभी होती. आबाजीले म्हटलं, “पाहा!” त्याइनं एक नजर टाकली अन् म्हणाले, “हात बसला बे तुहा.” मी घाईघाईनं छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, अन् चाचाले निरोप धाडला.

चाचा दुपारच्या नमाजानंतर आले. मी अगोदरच बोलून टाकलं. “चाचा, सूर्य नाई आला यात. ढग होते. मी लाल आणणार होतो, पण नाई जमलं.”

चाचानं फोटो घेतला अन् दरवाज्यात उजेडाले गेले.

“त्या दिवशीबी सूर्य कुठी होता,” म्हणाले. “तीन दिवसापासून आभाळ होतं. कप्तानानं घड्याळ पाहून सांगितलं, मगरिब झाली. अस्संच होतं. वर हाच रंग, खाली हाच रंग.” माह्याकडे वळले. “तुले कोनी सांगितलं?”

कोनीच नव्हतं सांगितलं. मीच विचारलं नव्हतं. एवढा मोठा रंगारी समोर उभा होता, त्याले एकदा विचारायचं होतं की आभाळाचा रंग कोनता होता. ते सोडून मी चारशे मैल लाल शोधायले गेलो. आबाजीनं मागून माह्याकडे पाह्यलं, मंजे आता चूप राह्य.

चाचा फोटो पाहून राह्यले. मंग त्याइनं तो तिरपा धरला. रंगारी कपड्यावरचा डाग असाच पाहते, सरळ नाई पाहत, तिरपं धरून पाहते.

“गणपत, हे काय?”

त्याइचं बोट ओल्या रेतीवर होतं. मी पाह्यलं. बाई पुसली होती. पाण्यातली तिची सावली राह्यली होती. पुसट, लांब, डोक्यावर टोपली, डोकं खाली. वरची बाई शोधायच्या नादात मी तिच्याकडे पाह्यलंच नाई, मले वाटलं लाटेचा वळ असन. जिच्याकडे पाहून मी त्या दिवशी हसत होतो, तीच.

“खडक असन चाचा,” मी म्हटलं.

“खडक वर कुठी हाये?”

आबाजी खोकलले.

“बाई होती चाचा. मी पुसली. सावली राह्यली.”

“कोन होती?”

“एक कोळीण. फोकस धरायले उभी केली होती.”

“आता ती कुठी हाये?”

“तिच्या गावात असन. मासे विकत असन.”

“चांगलं हाये,” चाचा म्हणाले.

मी हात पुढं केला. “द्या, दहा मिनिटाचं काम हाये. दोन हात मारतो, साफ करून नवा छापून देतो. उद्या भिंतीवर लावा.”

चाचानं फोटो नाई देला. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यात फोटो ठेवला, एक घडी, दुसरी घडी.

मी म्हटलं, “पण चाचा, जीव नको म्हणालते ना? असा तं लावता नाई येणार.”

“नाई लावत. पेटीत ठेवीन.” त्याइनं घडी बगलेत धरली. “वरचं पुसलं ते पुसलं. पान्यातलं राहू दे.”

अन् गेले.

त्या कोळणीले फोटो धाडीन म्हटलं होतं. नाई धाडला. धाडून काय करू, त्यात ती नाई. पत्ताबी नाई घेतला होता. हे मात्र मनाले कधी कधी लागते.

लाल पडदा अजून तोच हाये, विटला नाई. आता लाल दिसणाऱ्या प्लेटाबी आमी आणतो, कधीमधी. अन् ती सहावी प्लेट माह्यापाशीच हाये. ब्रश हाये, रंगाची पुडी हाये, खरंच दहा मिनिटाचं काम हाये. दर दिवाळीले पेट्या झाडतानी आबाजी ती काच उजेडात धरते अन् विचारते, “काहून बे गणप्या, हे अजून अर्धंच ठेवलं?”

मी म्हणतो, “गिऱ्हाइकानं पास केलं हाये.”